धर्म मानणें व धर्म आचरणें

५ एप्रिल हा पंडिता रमाबाई सरस्वती यांचा मृत्युदिन होय. १९२२ सालीं या तारखेस केडगांव येथें त्यांचें देहावसान झालें. हा दिवस आमच्या पेठांतून कोणी पाळीत नाहीं. हिंदूंच्या मतें बाईंनीं धर्म सोडला, तेव्हां त्यांच्या नांवाशीं आपला संबंध संपला. ख्रिस्ती मंडळींपैकीं पुष्कळांच्या मतें बाईंनीं धर्म घेतला, तेव्हां त्यांची तसबीर भिंतीवर लाविली कीं आपलें कर्तव्य झालें. आमच्या मतें दोघेहि एकाच चुकीचे धनी आहेत. एखाद्यानें कोणता धर्म पत्करला एवढें विचारून आपण थांबतों. पत्करल्यावर त्यानें केलें काय, हा पुढचा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. तो प्रश्न आज आम्हीं हातीं घेतला आहे. आम्ही ख्रिस्ती नाहीं व कोणीं ख्रिस्ती व्हावें असा आमचा आग्रहहि नाहीं, हें आरंभींच सांगून टाकितों, म्हणजे पुढील मजकुराविषयीं कोणाचा गैरसमज होणार नाहीं.

बाईंच्या चरित्रास आरंभ त्यांच्या वडिलांपासून केला पाहिजे. अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे व्युत्पन्न. ज्या रामचंद्रशास्त्री साठे यांजपाशीं ते शिकले, ते पेशव्यांच्या वाड्यांत राणीसाहेबांस संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या मुखीं गीर्वाणवाणी ऐकून या शिष्यानें मनाशीं ठरविलें कीं आपल्या पत्नीसहि ही विद्या द्यावयाची. प्रथम घरच्यांनीं तें होऊं दिलें नाहीं. पुढें दुसरी पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविण्याकरितां शास्त्रीबोवा गंगामूळच्या रानांत जाऊन राहिले व तेथें २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. स्त्रियांस संस्कृत शिकविल्याबद्दल शास्त्रीबोवांस उडुपी येथें पंडितांपुढें जाब द्यावा लागला; तो त्यांनीं ग्रंथांचे आधार काढून दिला. मग कुटुंब तीर्थें करीत व पुराणें सांगत गांवोगांव फिरूं लागलें, आणि आईनें चालतां चालतां मुलीकडून भागवताचे हजारों श्लोक पाठ करविले. वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. मतासाठीं घरदार सोडण्याची वेळ आली तर तें सोडावें, हा धडा रमाबाईंस कोणा पाद्र्यानें दिला नव्हता. तो त्यांस शास्त्रीबोवांच्या झोंपडींत मिळाला होता.

१८७० नंतरच्या दशकांत मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. जवळचा पैसा दानधर्मांत व अनुष्ठानांत गेलेला; अंगमेहनतीची कोणास संवय नाहीं आणि ती करणें कुलास कमीपणा आणणारें वाटे; भीक मागण्यास तोंड उघडेना. आधीं वडील, मग आई, मग वडील बहीण, अशीं तीन माणसें थोडक्या अवधींत गेलीं. उरलीं दोघें, रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवासशास्त्री. हीं भावंडें रानचा पाला व फळें खाऊन उत्तरेकडे पायीं चालत राहिलीं. पंजाबांत झेलमच्या कांठीं थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूंत खड्डे करून त्यांत त्यांनीं रात्री काढिल्या. ही भूक रमाबाई कधीं विसरल्या नाहींत, आणि ती त्या विसरल्या नाहींत म्हणूनच पुढें शेंकडों मुली जगल्या, हें आम्ही योग्य ठिकाणीं दाखवूंच.

१८७८ सालीं दोघें कलकत्त्यास पोंचलीं. वीस वर्षांची अविवाहित ब्राह्मणकन्या अस्खलित संस्कृत बोलते हें पाहून तेथील विद्वानांनीं तिची परीक्षा घेतली व पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. मनुष्यास स्वस्थ बसावयास लावणारा मोह पुष्कळदां हारतुऱ्यांच्या रूपानें येतो. कालपर्यंत उपाशी असलेल्या मुलीनें या मानावर जन्म काढिला असता तर तिला दोष कोण देता? परंतु रमाबाईंनीं धर्मशास्त्रें मुळांतून वाचावयास घेतलीं. त्यांत स्त्रीला व शूद्राला कोणत्या पंक्तीस बसविलें आहे हें दिसतांच त्यांचें मन त्या शास्त्रांवरून उडालें. १८८० सालीं बंधु वारले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशीं त्यांनीं नोंदणीचा विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता, प्रांत निराळा, भाषा निराळी. आमच्या धंद्यांतील हा गृहस्थ सिल्चरास वकिली करी. १८८१ सालीं कन्या मनोरमा झाली आणि पुढच्या फेब्रुवारींत पटकीनें मेधावी वारले. तेविसाव्या वर्षीं बाई विधवा झाल्या.

त्या पुण्यास आल्या तेव्हां न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर प्रभृति मंडळींनीं त्यांचें स्वागत केलें. १८८२ सालीं त्यांनीं आर्य महिला समाज काढिला. हंटर कमिशनापुढें साक्ष देतांना मुलींच्या शाळांस स्त्रीशिक्षक हवेत व बायकांकरितां स्त्री-डॉक्टर तयार केले पाहिजेत, अशी मागणी त्यांनीं केली. स्वतः वैद्यकी शिकावी या हेतूनें, आपल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीच्या पैशांतून खर्च भागवून, १८८३ सालीं त्या लहानग्या मनोरमेस घेऊन विलायतेस निघाल्या. कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें वैद्यकीचा बेत तेथें सोडून द्यावा लागला.

२९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांनीं मायलेकींचा बाप्तिस्मा करून घेतला. ही बातमी येतांच पुण्यांत वीज पडल्यासारखें झालें. बाईंस कोणी फशी पाडिलें, पैशानें ओढिलें, असे तर्क निघाले. पण हकीकत पाहतां ओढणारी गोष्ट निराळीच दिसते. लंडनजवळ फुलहॅम येथें पतित स्त्रियांकरितां चालविलेलें एक घर त्यांनीं पाहिलें. जिला आपल्याकडे ओटीवर चढूं दिलें जात नाहीं, अशा स्त्रीची शुश्रूषा कुलीन बायका आपल्या हातांनीं करीत आहेत, हें त्यांनीं प्रथम तेथें पाहिलें. आणि असें कां करितां, म्हणून विचारलें असतां त्यांस येशू व शोमरोनी स्त्री यांची कथा सांगण्यांत आली. बाईंस वश करणारा जो पुरावा, तो असा डोळ्यांनीं पाहिलेला होता, ऐकीव नव्हता.

येथपर्यंतची कथा पुष्कळांस ठाऊक असते. त्यापुढील भाग मात्र क्वचित् सांगितला जातो, व आमच्या मतें बाईंची खरी योग्यता त्यांतच आहे. धर्मांतर केलेल्या एतद्देशीय मनुष्यानें गोऱ्या गुरूंपुढें मान तुकवावी, मिळेल तें शिकावें आणि उपकारांत राहावें, अशी त्या काळीं रीत होती. बाई वाँटेजच्या जोगिणींच्या आश्रयास होत्या, पुढें चेल्टनहॅमच्या विद्यालयांत शिकत व संस्कृत शिकवीत होत्या. तरी बाप्तिस्म्याचें पाणी वाळतें न वाळतें तोंच त्यांनीं प्रश्न विचारावयास सुरुवात केली. त्रैक्याचा सिद्धांत बायबलांत कोठें आहे? एका पंथाच्या मतपत्रिकेवर डोळे मिटून सही कां करावी? देवाचा शब्द माझ्यापुढें उघडा असतां पुरोहिताचा अर्थ मीं प्रमाण कां मानावा? गुरुभगिनींस हा अहंकार वाटला. आम्हांस यांत उडुपीच्या सभेंत आधार काढून दाखविणाऱ्या बापाची लेक दिसते. बाईंनीं मांसाहार पत्करला नाहीं. गळ्यांतील क्रुसावर लॅटिन अक्षरें कशास, आपल्या देशांतील लोकांस समजतील अशीं संस्कृत अक्षरें कां नसावींत, असा वाद त्यांनीं घातला. तरुण पुरुषांस त्यांनीं शिकवूं नये, तसें केल्यास हिंदुस्थानांत त्यांच्या नांवास कमीपणा येईल, असें बिशपांनीं कळविलें. तेव्हां हिंदुस्थानांत काय शोभतें हें आपणांस बिशपांकडून शिकावें लागत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर गेलें. ज्यांच्या अन्नावर दिवस काढावयाचे त्यांच्याशींच हें भांडण! देशाभिमानाचीं व्याख्यानें आम्हीं पुष्कळ ऐकिलीं आहेत आणि कांहीं दिलींहि आहेत. परंतु आश्रितपणांत असें ताठ राहणें आमच्यापैकीं किती जणांस साधलें असतें, याची शंका वाटते.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास म्हणून त्या अमेरिकेस गेल्या व तेथेंच दोन वर्षांवर राहिल्या. उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें, गांवोगांव व्याख्यानें दिलीं, आणि बॉस्टन येथें एक मंडळ स्थापन होऊन त्यानें विधवांच्या शाळेस दहा वर्षें पैसा पुरविण्याचें वचन दिलें. त्या पुस्तकांत व व्याख्यानांत परक्यांपुढें घरची लक्तरें धुतलीं, ही तक्रार आम्हांसहि सर्वस्वीं खोटी म्हणतां येत नाहीं. पण लक्तरें होतीं हेंहि खरें.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. पहिली विद्यार्थिनी बालविधवा गोदूबाई जोशी. त्याच वर्षअखेर मुंबईस राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें, तेव्हां तेथें ज्या थोड्या स्त्रिया प्रतिनिधि म्हणून बसल्या त्यांत रमाबाई होत्या. पुढच्या वर्षीं सदन पुण्यास आलें. सदनाचा नियम असा कीं कोणास धर्म शिकवावयाचा नाहीं. मुलींनीं आपापले आचार पाळावे. यामुळें कांहीं मिशनरी बाईंवर रुष्ट होते. अशी शाळा ती कसली ख्रिस्ती, असें ते म्हणत. बाई दोहों बाजूंनीं बोलणीं खात होत्या, तरी पण सदन चाललें होतें, पैसा येत होता, मोठमोठे गृहस्थ सल्लागार होते. दुसऱ्या खेपेस स्वस्थ बसण्याचा हा काळ.

याच सुमारास बाईंच्या मनांत एक खळबळ झाली. बाप्तिस्म्यास आठ वर्षें झाल्यावर, १८९१ च्या सुमारास, त्यांस असें वाटूं लागलें कीं आपणांस ख्रिस्ताचा धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाहीं. सिद्धांत पटले, त्यांवर जीव टाकावयाचा राहिला. ही कबुली त्यांनीं पुढें स्वतः लिहून ठेविली आहे. व्यापारी वाचकांस आम्ही असें सांगूं कीं खातें उघडलें होतें, त्यांत रक्कम भरलेली नव्हती. जगाच्या दृष्टीनें ज्यांनीं धर्मासाठीं सर्व कांहीं सोडिलें होतें, त्या बाई स्वतःस अजून धर्माच्या दारांत बसलेल्या समजत होत्या.

त्याचा परिणाम १८९३ सालीं दिसला. बाई आपल्या खोलींत मुलीसह प्रार्थना करीत, दार उघडें असे, आणि सदनांतील कांहीं मुली आपण होऊन येऊन बसूं लागल्या. ओरड झाली. ‘केसरी’नें कडक टीका केली, सल्लागार मंडळींनीं, ज्यांत रानडे व भांडारकर होते, संबंध सोडला, वीस-पंचवीस मुली पालकांनीं काढून नेल्या. वकील या नात्यानें विचार करितां पालकांची बाजू दुबळी नव्हती. अज्ञान मुली ज्या अटीवर ठेविल्या ती अट शब्दानें व भावनेनें पाळली जावी, अशी अपेक्षा करण्याचा त्यांस हक्क होता, आणि सल्लागारांनीं राजीनामे दिले यांतहि गैर कांहीं नव्हतें. बाईंचें म्हणणें एवढेंच कीं मी कोणास बोलावीत नाहीं, पण देवाचें नांव घेतांना दार लावून घेणार नाहीं व आलेल्यास हांकून देणार नाहीं. दार लाविलें असतें तर सदन शाबूत राहतें, देणग्या राहत्या, रानड्यांसारख्यांचा लोभ राहता. बहुतेक शहाणीं माणसें दार लावितात, आणि आम्हीहि आमच्या आयुष्यांत अशीं कैक दारें सोयीसाठीं लावून घेतलीं आहेत. विरोधकांविषयीं मात्र एक सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्या दिवशीं त्या मुली सदनांतून काढिल्या, त्या दिवशीं त्यांच्यासाठीं पुण्यांत दुसरें घर तयार नव्हतें. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनीशीं म्हणजे गोदूबाईंशीं त्याच वर्षीं प्रो. धोंडो केशव कर्वे यांनीं पुनर्विवाह केला होता, आणि तीन वर्षांनीं, १८९६ सालीं, याच कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. बाईंचें वय अडतीस, पदरीं चालू शाळा, आणि बॉस्टनच्या मंडळाचा पैसा त्या शाळेकरितां नेमलेला. दुष्काळाचें काम त्यांचें नव्हतें. कोणी सांगितलेंहि नव्हतें. तथापि झेलमच्या कांठची वाळू आठवली आणि त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांत अन्नाचें आमिष दाखवून मुलींस पळविणारे लोक त्यांनीं पाहिले. तीनशेंच्या आसपास मुली व बाया त्यांनीं बरोबर आणिल्या, त्यांत सर्व जातींच्या होत्या. सांपळे झालेल्या, रोगी, चोरीमारीची संवय लागलेल्या. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठीं होतें. ती मर्यादा येथें सुटली, व ती सुटावी म्हणून कोठें ठराव झाला नाहीं.

इतक्यांत पुण्यास प्लेग आला. बाईंनीं केडगांव स्टेशनाजवळ सुमारें शंभर एकर माळजमीन घेऊन ठेविली होती. अमेरिकेचीं दहा वर्षें सरल्यावर फळझाडांच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा हिशेबी हेतु त्यांत होता. तेथें झोंपड्या घालून मुलींस नेलें. पण पुण्यांतील सरकारी प्लेग इस्पितळाची व्यवस्था पाहून त्या गप्प बसल्या नाहींत. तेथें स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाहीं आणि सदनांतील एक मुलगी तेथें नेल्यावर हातची गेली, असें त्यांनीं १८९७ सालीं मुंबईच्या ख्रिस्ती पत्रांत आपल्या नांवानें प्रसिद्ध केलें. प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटांत गेला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं बाईंचें लिहिणें वस्तुस्थितीस सोडून असल्याचें म्हटलें. बाईंनीं तें मागें घेतलें नाहीं. त्याच वर्षीं २२ जून रोजीं रँडवर गोळी झाडली गेली व पुढें लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. ज्या पत्रानें चार वर्षांपूर्वीं बाईंस झोडपलें, त्या पत्राच्या संपादकांचें व बाईंचें गाऱ्हाणें या एका बाबतींत एकच होतें. राज्यकर्त्यांचा धर्म घेतलेल्या स्त्रीनें राज्यकर्त्यांसच असें सुनवावें, हें ज्यांस त्या धर्मांत मिंधेपणाच दिसतो त्यांनीं विसरूं नये.

केडगांवच्या वस्तीस मुक्ति हें नांव पडलें. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. आमच्या व्यापारी वाचकांनीं या आंकड्याचा अर्थ लावून पाहावा: रोज दोन वेळां दोन हजार पानें. विहिरी खणल्या, शेतें व बागा केल्या, गाईम्हशी ठेविल्या, माग मांडिले, तेलाचा घाणा, शिवणकाम, धोबीकाम, छापखाना, सारें बायकांच्या हातीं. जी विधवा सासरीं फुकट राबे ती येथें धंदा शिके. आंधळ्या मुलींस मनोरमाबाई ठिपक्यांची लिपि शिकवीत, व त्या वेत विणीत. फसलेल्या बायकांकरितां कृपासदन निघालें; फुलहॅमला जें पाहिलें तें माळावर उभें राहिलें. कुलाच्या अभिमानापायीं कष्ट न करितां जें कुटुंब उपाशी मेलें, त्यांतून वांचलेल्या मुलीनें हा कारखाना उभारिला.

मुक्तीविषयीं आमचे आक्षेप आहेत. पालक नसलेल्या अज्ञान मुली तेथें ख्रिस्ती म्हणून वाढल्या, ही गोष्ट कायद्याच्या व नीतीच्या दृष्टीनें आम्हांस निर्दोष वाटत नाहीं. १९०५ सालीं तेथें जी धर्मजागृति झाली, त्या वेळचें रडणें व मोठ्यानें केलेल्या प्रार्थना आमच्या वकिली मनास मानवत नाहींत. हे आक्षेप आम्ही मागें घेत नाहीं. मात्र ते घेऊन आम्ही त्या दुष्काळी छावणीच्या दारांत उभे राहिलों, तर आंतील मुलगी विचारील कीं तुम्ही कोणत्या गाडीनें आलांत व मला कोठें नेतां. त्या वर्षीं आमच्यासारख्यांपैकीं फार थोडे त्या गाडींत चढले होते.

१९१९ सालीं सरकारनें बाईंस कैसर-इ-हिंद पदक दिलें. तेव्हां त्या साठीच्या वर होत्या, कान जवळजवळ गेले होते, आणि रात्रंदिवस एकच काम चाललें होतें. चालू मराठी बायबल खेड्यांतील बायकांस समजत नाहीं, म्हणून हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून त्यांनीं सारें बायबल सोप्या मराठींत उतरविण्यास घेतलें होतें. पंडिता पदवी मिळविलेल्या स्त्रीनें संस्कृताचा डौल मुद्दाम टाकून चुलीपाशीं बसणाऱ्या बाईची भाषा धरली. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. चाळीस वर्षांची सोबत तुटली. तरी आईचें काम थांबलें नाहीं. भाषांतर पुरें झालें आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई गेल्या. तें पुस्तक १९२४ सालीं मुक्तीच्याच छापखान्यांतून बाहेर पडलें. त्याचे खिळे जुळविले ते तेथील बायकांनीं.